यंदा एक सहल येऊरला न्या : ठाण्यातल्या सोसायट्यांच्या सांस्कृतिक समित्यांना खुलं पत्र

प्रति,
पोखरण रस्ता, वसंत विहार, वर्तकनगर, माजिवडा आणि घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांच्या सांस्कृतिक समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की तुमच्यापुढे एक विषय हमखास येतो : यंदाची सहल कुठे? ग्रुपवर पोल पडतो, दोन-तीन रिसॉर्टची दरपत्रकं फिरतात, बस किती सीटची घ्यायची यावर वाद होतात आणि डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या रविवारी भल्या पहाटे सोसायटीच्या गेटाशी बस उभ्या राहतात. हे सगळं तुम्ही आपापल्या नोकऱ्या-धंदे सांभाळून, पदरचा वेळ घालून, वर लोकांची बोलणी खाऊन करता. त्यामुळेच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. माझ्यासारख्या एका रहिवाशाने सांगितलं तर ओळखीची दोन-चार घरं येतात. समितीने ठरवलं तर अख्खं संकुल बाहेर पडतं.

माझी विनंती अशी : यंदा एक सहल येऊरच्या जंगलात न्या. रिसॉर्टची सहल रद्द करा असं मी म्हणत नाही. मुलांना पाण्यात डुंबायचं असतं, मोठ्यांना आयतं जेवण हवं असतं, त्यात गैर काही नाही. पण एक रविवारची सकाळ येऊरसाठी ठेवा. वनखात्याची परवानगी काढून, लहान गट करून, तिथल्या माहीतगार माणसाला सोबत घेऊन, पायी.

'येऊर तर इथेच आहे, तिथे सहल कसली न्यायची?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येणार. मी उलट विचारते : आपल्या संकुलातल्या किती मुलांनी येऊर पाहिलंय? गाडीतून वर जाऊन हॉटेलात जेवून आलेली पुष्कळ आहेत. टर्फवर क्रिकेट खेळून आलेली आहेत. उपवन तलावाच्या कट्ट्यावर कणीस खाताना समोर दिसणारा डोंगर तर सगळ्यांच्याच फोटोत आहे. त्या डोंगरावरच्या झाडाखाली उभी राहिलेली मुलं मात्र फार थोडी सापडतील. वाढदिवसाला ज्या मुलांना झेब्रा आणि जिराफाचे मुखवटे वाटले जातात, त्यांना आपल्या बाल्कनीसमोरच्या डोंगरात चितळ, सांबर, भेकर आणि बिबट्या राहतात हे ठाऊक नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. बोरिवलीच्या फाटकातून आत गेलं की कान्हेरीची लेणी, आपल्या बाजूने आत गेलं की येऊर. जंगल एकच, शंभर चौरस किलोमीटरहून मोठं. विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी पुरवणारे दोन तलाव याच जंगलाच्या पोटात आहेत. विहार १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. त्यांच्या पाणलोटासाठी भोवतालची झाडी राखली गेली, म्हणून आज दोन महानगरांच्या मधोमध हा हिरवा पट्टा उरला आहे. २०१६ च्या डिसेंबरात उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रही जाहीर झालं. आता ठाणे-बोरिवली जुळा बोगदा याच डोंगराच्या पोटातून काढला जातो आहे. त्याबद्दल तुमचं मत काहीही असो; ज्या मुलांच्या हयातीत हे सगळं घडणार, त्यांनी डोंगर पायाखालून घातलेला असावा एवढं तरी आपण करू शकतो.

जंगलात 'बघण्यासारखं' काय आहे, हा पुढचा प्रश्न. वाघ-सिंह दिसतील, हरणांचे कळप आडवे जातील अशी आशा मुलांना दाखवून नेऊ नका, ती हिरमुसतील. आमच्या गटातली मुलं एकदा सर्वांत जास्त वेळ थांबली ती ओंबिल नावाच्या मुंग्यांच्या घरट्यापाशी. पायवाटेच्या कडेला, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, हिरवीगार पानं एकमेकांना चिकटवून केलेला एक गोळा होता. त्यावर लालसर-पिवळ्या मुंग्यांची धावपळ चालली होती. एक पान अजून जोडायचं बाकी होतं. मुंग्यांनी एकमेकींच्या कमरा पकडून साखळी केली आणि पानाची कड हळूहळू ओढत आणली. मग आतून काही मुंग्या तोंडात पांढऱ्या अळ्या धरून आल्या. या अळ्यांच्या तोंडातून रेशमासारखा धागा निघतो. मुंग्या त्यांना या पानावरून त्या पानावर टेकवत फिरतात आणि सांधा शिवला जातो. घरात एका जागी बसत नाही म्हणून जिची तक्रार होते अशी एक मुलगी तिथून हलायला तयार नव्हती. 'अळीला दुखत नसेल?' हा तिचा प्रश्न होता. आमच्यात कोणालाच उत्तर देता आलं नाही.

अशा गोष्टी येऊरला पावलोपावली आहेत, फक्त चालणं सावकाश हवं. जानेवारी-फेब्रुवारीत कांडोळाची पानं गळून जातात आणि त्याचं पांढरंफटक खोड सगळ्या जंगलात उठून दिसतं. गावातली माणसं त्याला भुत्या म्हणतात, तेवढ्यावर मुलं खूश होतात. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस फुलायला लागतात, पाठोपाठ पांगारा. एका फुललेल्या सावरीखाली शांत उभं राहिलात तर मैना, कोतवाल, बुलबुल, सूर्यपक्षी यांची रांग लागलेली दिसेल, कारण फुलांतल्या मधासाठी सगळेच येतात. तांबटाचा टुक्-टुक् आवाज मुलांनी सोसायटीतही ऐकलेला असतो. तो काढणारा हिरवा, कपाळावर लाल टिळा असलेला छोटा पक्षी पहिल्यांदा दिसतो तेव्हा 'हा होय तो!' असं सगळी एकदम म्हणतात. पाऊस सरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर, फुलपाखरांचा हंगाम. आपल्या राज्याचं फुलपाखरू असलेलं काळं-निळं ब्लू मॉरमॉनही इथे दिसतं. राज्य-फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, २०१५ मध्ये. आणि कारवी! २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये इथले उतार जांभळे झाले होते. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि ते झुडूप मरून जातं. म्हणजे पुढचा बहर २०३२ च्या सुमाराला. आज पहिलीत असलेलं मूल तेव्हा हायस्कूलमध्ये असेल. त्याला आत्ता कारवीचं रोप दाखवून ठेवलंत तर तेव्हा ते आपणहून बघायला जाईल.

आता बिबट्याचं बोलू, कारण खरा अडसर तोच आहे. मी हा विषय जिथे जिथे काढला तिथे कोणीतरी आई घाबरून म्हणाली, 'लहान मुलं घेऊन बिबट्याच्या जंगलात?' तिची भीती खोटी नाही. या जंगलात बिबटे आहेत, चांगल्या संख्येने आहेत, आणि माणसांवर हल्ले झाल्याची उदाहरणंही आहेत. पण बिबट्या प्रामुख्याने रात्री फिरतो, माणसांचा गट दिसला की बाजूला होतो, आणि सकाळच्या उजेडात मोठ्यांबरोबर वाटेवरून चालणाऱ्या मुलांना त्याच्यापासून धोका फार कमी असतो. मुलांना गटाच्या मधे ठेवा, कोणालाही एकटं मागे किंवा आडोशाला जाऊ देऊ नका, अंधार पडण्याच्या पुष्कळ आधी बाहेर या. एवढं पाळलंत की भीतीपोटी घरी बसण्याचं कारण उरत नाही.

उलट बिबट्या आपल्या दारात का येतो, हे संकुलांनी समजून घ्यायला हवं. २०१९ च्या फेब्रुवारीत तो कोरम मॉलच्या आवारात शिरला आणि मग समता नगरमधल्या एका हॉटेलात पकडला गेला, हे तुम्हाला आठवत असेल. सगळं शहर दिवसभर मोबाइलवर तेच बघत होतं. बिबट्याला गावाकडे ओढून आणणारं भक्ष्य म्हणजे भटकी कुत्री, डुकरं, घुशी. ती पोसली जातात आपल्या कचऱ्यावर. डोंगराला लागून असलेल्या संकुलाच्या मागच्या भिंतीपाशी ओला कचरा उघडा पडत असेल, तर आपणच त्याला निमंत्रण धाडतो आहोत. पकडून लांब सोडा, ही मागणी नेहमी होते. पण बिबट्याला अनोळखी मुलखात नेऊन सोडल्याने संघर्ष कमी होण्याऐवजी वाढू शकतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिलंय. वनखातं आणि नागरिक यांनी मिळून २०११ पासून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) या नावाने हेच लोकांना समजावून सांगितलं आहे. येऊरची सहल आणि सोसायटीचा कचरा हे दोन विषय एकाच बैठकीत घ्या असं मी म्हटलं तर कृपया विचित्र मानू नका. जंगलातून चालून आलेल्या मुलाला कचऱ्याचा डबा झाकायला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

सहल कशी करावी याबद्दल थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नये.

पन्नास-साठ माणसं एकदम नेऊ नका. बारा-पंधरांचा गट पुरे. बाकीच्यांना पुढचे रविवार द्या. मोठ्या गटात मागच्याला काही दिसत नाही, मग तो गप्पा मारतो, आणि गप्पा सुरू झाल्या की पाखरं उडून जातात. स्पीकर अजिबात नको, खिशातलाही नको. अंताक्षरी, हाऊजी, नावाचे बॅनर, एकाच रंगाचे टी-शर्ट हे सगळं रिसॉर्टसाठी राखून ठेवा. भडक पांढऱ्या-लाल कपड्यांपेक्षा मातकट-हिरवे बरे, आणि अत्तर-परफ्यूम लावून येऊ नका. पायात चप्पल नको, बूट हवेत. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही असं धरूनच निघा. उपवनपाशी किंवा घरूनच जाऊन या. नाश्ता स्टीलच्या डब्यांत न्या. पोहे, ठेपले, उकडलेले रताळे, काहीही, पण पॅकेटबंद नको, कारण वेफर्सचं एक पाकीट उघडलं की त्याचा कागद कुठेतरी राहतोच. जंगलात खाऊ नका, बाहेर येऊन खा. माकडांना तर शेंगदाणासुद्धा देऊ नका. त्यांना माणसाच्या हाताची सवय लागली की ती हिसकावायला शिकतात आणि मग शिक्षा त्यांनाच होते.

आत पायवाटांवर जायचं तर वनखात्याची परवानगी घ्या. फाटकाशी चौकी आहे. वेळा, शुल्क, कोणत्या वाटा खुल्या आहेत हे आधी विचारून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच. ओढे-धबधब्यांवर बंदी घातलेली असते ती उगाच नसते. दर वर्षी ठाणे-रायगडमधून पाण्यात वाहून गेलेल्या तरुण मुलांच्या बातम्या आपण वाचतो. गाड्यांचा ताफा घेऊन वर जाऊ नका. ठाणे स्टेशनहून टीएमटीची, म्हणजे ठाणे परिवहनची, बस येऊरला जाते. आमच्या मुलांना बसने घाट चढण्याचं फार अप्रूप वाटलं. गाडीत बसून फोन बघणारी मुलं बसमध्ये खिडकीला नाक लावून बसली होती.

आजी-आजोबांना घरी ठेवू नका. सगळ्यांना डोंगर चढता येणार नाही हे खरं, पण गावाच्या रस्त्याने सावलीतून थोडं चालणं, एखाद्या झाडाखाली घडीची खुर्ची टाकून बसणं त्यांना सहज जमतं. शिवाय एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. झाडांची नावं त्यांनाच येतात. आपल्या संकुलातले निम्मे आजोबा रत्नागिरी, सातारा, जुन्नरच्या खेड्यांत वाढलेले आहेत. ऐन, हेद, कुडा, मोह, आसाणा ही नावं त्यांनी चाळीस वर्षं उच्चारलेली नसतात, कारण विचारणारं कोणी नसतं. आमच्या मजल्यावरचे एरवी फारसे न बोलणारे काका वाटेत कुड्याच्या शेंगांची जोडी दाखवून बोलायला लागले ते थांबेचनात. नातू त्यांच्याकडे बघतच राहिला.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं : येऊरमध्ये माणसं राहतात. पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा या पाड्यांवर वारली आणि इतर आदिवासी कुटुंबं आपले टॉवर उभे राहण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला जांभळी नाक्याच्या बाजारात फडक्यावर शेवळं, नंतर टाकळा, कोरळा, भारंगी, कंटोळी घेऊन बसणाऱ्या बायकांकडून तुम्ही भाजी घेतली असेल. शेवळांबरोबर काकडांची मूठभर फळं त्या आठवणीने देतात, कारण काकडं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. ज्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांच्याइतका चांगला वाटाड्या तुम्हाला कुठे मिळणार? त्यांच्यातल्या कोणाला तरी सोबत घ्या, आणि रिसॉर्टच्या माणशी दराशी घासाघीस न करणाऱ्या आपण इथेही घासाघीस करू नये. ठरलेले पैसे आधी, रोख, मानाने द्या. नाश्ता-जेवण पाड्यावरच्या एखाद्या घरी सांगता आलं तर उत्तम : तांदळाची भाकरी, भाजी, चटणी. मात्र घरात डोकावून फोटो काढणं, मुलांच्या हातात चॉकलेटं ठेवणं, जुने कपडे वाटणं हे कृपया करू नका. आपण त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जातो आहोत. कारवीच्या काठ्यांचा, शेणाने लिंपलेला कूड, म्हणजे भिंत, अजून कुठे दिसला तर तो कसा करतात हे विचारा. विचारलेलं आवडतं, टिपलेलं नाही.

याच गावकऱ्यांची झोप शनिवारी रात्री उडते, हेही समितीत बोललं गेलं पाहिजे. येऊरला रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या पार्ट्या, मोठ्या आवाजातली गाणी, प्रखर दिव्यांत चालणारे सामने याबद्दल गावकरी आणि पर्यावरणप्रेमी किती वर्षं तक्रारी करताहेत. ते सगळं चालतं आपल्यासारख्यांच्या पैशांवर. तुमच्या संकुलातल्या कोणाची वाढदिवसाची पार्टी, ऑफिसची ऑफसाइट, रात्रीची टूर्नामेंट तिथे ठरत असेल तर ती दुसरीकडे करा असं समितीने स्पष्ट सांगावं. घुबडं, रातवे, उदमांजरं आणि बिबट्याची मादी पिल्लांसह जिथे रात्री बाहेर पडते, तिथे डीजेला जागा नाही. यावर मधला मार्ग काढायची मला तरी गरज वाटत नाही.

ज्यांना डोंगर नकोच, त्यांच्यासाठी ठाणे खाडी आहे. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला बोट सुटते. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत पक्षी असतात. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून तारीख आधी बघून नोंदणी करावी लागते. पायांचं दुखणं असलेल्या ज्येष्ठांना आणि कडेवरच्या बाळांना हे जास्त सोयीचं. ट्रान्सहार्बरच्या लोकलने ठाण्याहून ऐरोली जवळ आहे. तरी माझं मन येऊरकडेच ओढतं हे कबूल करते, कारण खाडीत आपण बोटीत बसून बघतो आणि येऊरला चालतो.

तेव्हा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एवढं घाला : जानेवारी आणि फेब्रुवारीतले चार रविवार, प्रत्येकी पंधरा जणांचा गट, सकाळी साडेसहाला निघून साडेदहापर्यंत परत. मार्चपासून ऊन तापतं, मुलं दमतात. वनखात्याकडे परवानगीची चौकशी आणि पाड्यावर बोलणी डिसेंबरातच करून ठेवावी लागतील. हे काम एकाने अंगावर घेतलं तर होतं. ते कसं करायचं हे विचारायचं असेल, किंवा बिबट्याबद्दल पालकांच्या शंका असतील, तर तुमच्या बैठकीला येऊन बोलायला मी तयार आहे. रविवार सोडून कोणताही दिवस सांगा.

आपली नम्र,
पोखरण रस्त्यावरची एक रहिवासी